चार आठवड्यांचे एकतीस दिवस

गुणाबाई तरेला परदेशी जायचं होतं, आणि कुठं जायचं ते तिनं खोक्यांवरून ठरवलं होतं. हे सांगितलं की ऐकणारा "म्हणजे?" असं विचारतोच. म्हणून आधी खोक्यांचं सांगते.

पूर्णा गावाच्या अलीकडे गुणाबाईचा पाडा आहे. हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन. त्यातलं निळ्या पत्र्याचं, सगळ्यांत लांब गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे ती गुणाबाईची. सातबारावर नाव नवऱ्याचं, काळूरामचं, पण त्या जमिनीत तेवीस वर्षं वाकून भात लावला तो गुणाबाईनं. एकोणिसाव्या वर्षी खारबावहून ती लग्न होऊन आली आणि तिसऱ्या दिवशी चिखलात उतरली, असं ती स्वतःच सांगते. चौदा वर्षांपूर्वी तिथं मुरूम पडला, वर सिमेंट आलं आणि भात संपला. घर मोठं झालं, दारात गाडी आली, हातात पाटल्या आल्या. आणि गुणाबाईला दिवसभर काय करायचं ते कळेना.

मग ती रोज सकाळी दहाला गोडाऊनच्या गेटवर जाऊन बसू लागली. वॉचमन तिला खुर्ची द्यायचा. कंटेनरचं दार उघडलं की ती विचारायची, "आज कुठशी आला रं माल?" तो म्हणायचा, "व्हिएतनाम से, अम्मा." दुसऱ्या दिवशी थायलंड, तिसऱ्या दिवशी इंडोनेशिया. फाटलेल्या खोक्याचा नाव छापलेला तुकडा ती पदराखाली घरी आणायची. लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली असे पुष्कळ तुकडे जमले होते.

मी त्या पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीच्या सुरुवातीला संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे, त्यात गुणाबाई बसायची. तेव्हापासून मी तिला एकेरी बोलावते आणि ती मला बाई म्हणते. वयानं मी दोनच वर्षांनी मोठी. तिचा मुलगा प्रितेशही माझ्याच हाताखालून गेला. निवृत्त झाले तरी आमचं येणंजाणं राहिलं. मी भिवंडीत राहते, ती रिक्षा करून येते, येताना खाडीची कोळंबी आणायची, मी खात नाही म्हटल्यावर आता पेरू आणते.

मागच्या दिवाळीनंतर ती आली ती पेरू न आणता, खोक्यांचे तुकडे घेऊन. ते माझ्या पलंगावर पत्त्यांसारखे मांडले.

"बाई, हे गाव कंचे कंचे ते सांगा."

"गावं नाहीत गं, देश आहेत हे."

"देश तर देश. चौदा वर्स झाली, हे सगळे माझ्या शेतात येऊन ऱ्हातात. पाहुणे येऊन येऊन दमले. आपुन एकदा जाऊन येवं का नको? किती वाईट दिसतं!"

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मला समजलं की हिला खरंच जायचंय.

"काळूराम येणार का?"

"त्यांना इमानात कोंडल्यावानी होतं. बसले न्हायेत कंदी, पन होतं. तुमी चला. तुमी वाचा, मी चालेन."

मी पासपोर्ट काढून सहा वर्षं झाली होती, पण वापरला कधीच नव्हता; काशीला जायला त्याची गरज पडत नाही. घरात माझा अवधूत म्हणाला, "आई, तू आणि गुणामावशी? व्हिएतनाम? तुम्ही कल्याणला प्लॅटफॉर्म चुकता." ते खरं आहे. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

एका दुपारी आम्ही वही घेऊन बसलो. चौकटीची वही, गणिताची असते ती. मी वर श्री लिहिलं, खाली तारखा घालायला चौकटी आखल्या. गुणाबाईची एकच अट होती: होळी घरी करायची. होळीला घरची बाई घरात नसली तर कसं चालेल, असं ती म्हणाली. धुळवड मंगळवारी, तीन मार्चला. म्हणजे बुधवारी चारला निघायचं.

"किती दिवस जायचं?" मी विचारलं.

"चार आठवडे. जास्त न्हाय."

"कुठं किती?"

तिनं बोटं धरली. "थायलंड आठ दिस. व्हिएतनाम पंधरा दिस, तिथली खोकी जास्त हायेत. इंडोनेशिया आठ दिस. झाले चार आठवडे."

मी लिहिलं. आठ, पंधरा, आठ. खाली रेघ मारली आणि बेरीज केली, एकतीस. शिक्षिकेची सवय, सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं आणि हातचा विसरायचा नाही. हातचा विसरले नाही. जे विसरायला नको होतं ते विसरले.

पुढं भाविककडे गेलो. भाविकचं टूरचं ऑफिस मेडिकलच्या दुकानावर, जिना इतका अरुंद की गुणाबाई आडवी चढली. पोरगा हुशार, मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही एका वाक्यात बोलतो. त्यानं संगणकावर बघत विचारलं, "मॅडम, टोटल किती दिवस?"

मी म्हटलं, "एकतीस."

"वीकमध्ये सांगा ना. हॉटेलवाले वीकवर देतात."

गुणाबाई म्हणाली, "चार."

"ओके," तो म्हणाला. आम्हा तिघांचंही एकमत झालं होतं. आता आठवलं की हसू येत नाही.

मग गावं ठरली. भाविक नाव घ्यायचा आणि गुणाबाई त्यावर बोलायची. तो म्हणाला, हनोई. ती म्हणाली, "हा न्हाय? हा का न्हाय ते एक काय ते सांग." तो म्हणाला, होई आन, जुनं सुंदर गाव आहे. ती म्हणाली, "होय, आन!" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की भाविकचा चहावाला आत डोकावला. मला मात्र काही कळेनासं झालं होतं. शहरं खाली, डोंगर वर, बेटं बाजूला, मधे तीनदा विमान बदलायचं, वर घड्याळंही बदलायची. बँकॉकमध्ये आपल्यापेक्षा दीड तास पुढं आणि इंडोनेशियातल्या बालीत अडीच. मग आपण जपाला कुठल्या वेळेला बसायचं, हा माझा प्रश्न. तो मी भाविकला विचारला नाही.

भाविकनं बाली आधी घेतलं होतं, व्हिएतनाम नंतर. ते त्यानंच बदललं. "एकोणीस मार्चला बाली बंद असतं. त्यांचं न्यू इयर. एअरपोर्ट पण बंद, लाइट पण बंद, रस्त्यावर कोणी फिरायचं नाही."

मी म्हटलं, "एकोणीसला तर आपला पाडवा."

"तोच," भाविक म्हणाला.

गुणाबाईला ते पटेना. "पाडवा त्यांचा बी हाय, आनि ते गुढी न्हाय उभारीत? गप बसतात घरात?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, आपलं बरोबर का त्यांचं?" याला काय उत्तर द्यायचं! बेटं शेवटी गेली.

महिन्याभरानं भाविकनं पूर्ण कागद दिला. प्रितेशनं ओळखीनं व्हिएतनाममधला एक बुटांचा कारखाना बघायची परवानगी मिळवली होती, तोही त्यात होता. मी घरी येऊन कागद आणि माझी वही शेजारी ठेवून एकेक चौकट भरली. सगळं भरून झालं आणि शेवटी तीन चौकटी मोकळ्या राहिल्या. दोनदा केलं. तीन राहिल्याच. एक, दोन आणि तीन एप्रिल.

मी भाविकला फोन केला. तो म्हणाला, "हां मॅडम, लास्टला तीन दिवस फ्री आहेत."

गुणाबाई शेजारीच होती, फोन स्पीकरवर. "फ्री म्हंजे फुकट?"

"फुकट नाही मावशी, मोकळे. काय करायचं त्यात? शॉपिंग? बीच?"

मला वाटलं होतं ती बाजार म्हणेल. ती दोन दिवसांनी एकटीच त्या जिन्यावरून आडवी चढून भाविककडे गेली. मला हे भाविकनं नंतर सांगितलं. त्यानं तिला मोबाइलवर बालीच्या डोंगरउतारावरची भाताची शेतं दाखवली होती, पायऱ्यापायऱ्यांची, प्रत्येक पायरीत पाणी. लोक तो देखावा बघून 'वा' करतात. गुणाबाईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, मोठा केला, एका कोपऱ्यात एक बाई वाकून लावणी करत होती तिच्या हातापाशी नेऊन थांबवला.

"मूठ बारीक धरलीय," ती म्हणाली. "असा लावला तर वाऱ्यात पडेल."

मग विचारलं, "चैत्रात लावनी?"

"तिकडे वर्षभर चालते, मावशी."

"मना लावू देतील?"

"टूरिस्टला देतात ना. एक तास. फोटो पण काढून देतात."

"एका तासात कंबर बी मोकळी होत न्हाय. तीन दिस इचार. पैसं देऊ नको बोल, मी काम करते, त्यांनी जेवाण घालावं."

भाविकनं तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी राहायची सोय केली. त्या शेतकऱ्याच्या बायकोलाही वाटलं असणार, ही कोण वेडी. पण हो म्हणाली. त्यानंतर गुणाबाई बँकॉकचं नाव काढेना, बुटांच्या कारखान्याचं काढेना. फोन केला की विचारायची, "बाई, तिथला चिखल काळा हाय का तांबडा?" मी म्हणायचे, मला कसं माहीत असेल! पुढच्या फोनला ती पुन्हा तेच विचारायची.

होळीला आठ दिवस राहिले होते. बघा, मीसुद्धा आठच लिहिलं. मी देवापुढं बसून पंचांगातून माझे उपास वहीत उतरवत होते; चतुर्थी कधी, एकादशी कधी, म्हणजे परक्या देशात चुकायला नको. तेवढ्यात गुणाबाई आली. पाटल्या काढून ठेवायचा कार्यक्रम चालला होता तिचा, विमानात नको म्हणून. मी सहज म्हटलं, "हनुमान जयंतीला, दोन तारखेला, आपण तुझ्या त्या शेतात असू. तिथं मारुतीचं देऊळ असेल का गं?"

तिनं हातातली पाटली तशीच धरली.

"कंची जयंती?"

"चैत्र पौर्णिमा. दोन एप्रिल."

"पुनवेला आपुन घरी आसू," ती म्हणाली.

"नाही गं. तीन एप्रिलला येतो आपण."

"चार आठवडे सांगितले मी!"

"चार आठवडेच आहेत. हे बघ. आठ, पंधरा, आठ."

तिला बेरीज कळत होती. तिनं तीनदा वही बघितली, जणू एखाद्या वेळी बेरीज कमी येईल. मग जमिनीवर बसली. तेव्हा पहिल्यांदा तिनं मला ते सांगितलं, जे पाड्यावरच्या पोरासोरांना माहीत होतं, आणि म्हणूनच मला सांगायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

चैत्र पुनवेला गावदेवीची जत्रा असते. देवीची पहिली ओटी तरे घरानं भरायची. गुणाबाईच्या सासूनं तो मान थोरल्या सुनेला, म्हणजे आक्काला, न देता धाकटीला दिला. आक्काचं काहीतरी सासूशी बिनसलं होतं तेव्हा. गेली पस्तीस वर्षं गुणाबाई सूप घेऊन सगळ्या बायकांच्या पुढं चालते. त्या सकाळी ती नसली तर मान आक्काच्या घरात जाणार. आणि काळूरामनं तिला परदेशी जायला हो म्हटलं होतं ते एवढ्या एका बोलीवर: पुनवेला घरात पाहिजे.

"आता काय करायचं?" मी विचारलं. चूक माझी होती, आणि प्रश्नही मीच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मोठ्या हॉलमध्ये काळूराम, प्रितेश, प्रितेशची बायको रुचिका आणि पलीकडच्या घरातून आलेली आक्का. आक्का सत्तरीची, ताठ, काठी असून न टेकणारी. प्रितेशनं फोन स्पीकरवर लावला होता.

भाविक सांगत होता, "मधलं काही हलत नाही, सगळ्या तिकिटांची साखळी आहे. एक काढलं की सगळं पडेल, आणि आता नवीन सीटा नाहीत. शेवटचे तीन दिवस काढता येतील. एकतीस मार्चच्या विमानात दोनच जागा आहेत. संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो."

फोन ठेवल्यावर काळूराम माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "बाई, चूक तुमची न्हाय. आठ दिस म्हंजे आठ दिसच."

प्रितेश म्हणाला, "बाबा, आठवडा सातचा असतो. बाईंनीच शिकवलंय."

"सात कसा? मोज. बुधवार एक, बेस्तरवार दोन, शुक्रवार तीन." काळूराम बोटांची पेरं मोजत गेला आणि आठव्या पेरावर पुन्हा बुधवारी पोचला. "आठ!"

"पण बुधवार दोनदा घेतला तुम्ही."

"मंग? बुधवारी निघाली, बुधवारी पोचली. दोन्ही बुधवार हायेत ना? का एक खाऊन टाकायचा?"

"मग पंधरा दिवस म्हणजे?"

"पंधरा."

"आणि दोन आठवडे म्हणजे?"

"ते पन पंधरा."

"दोन आठे सोळा होतात, बाबा!"

काळूरामनं पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. मीही माझी मोजली. तीस वर्षं फळ्यावर वार लिहिले, पाढे घेतले, आणि जन्मभर 'आठ दिवसांनी या' म्हणत आले. एकदाही मला हे खटकलं नाही. त्या क्षणी मला खरंच सांगता येईना की आठवड्यात दिवस किती.

आक्का बोलली. "आठ का सात ते मना न्हाय कळत. मना येवढं कळतं, जिला ओटी नको झालीय ती अशीच मोजनार."

"आक्का, मी मुद्दाम न्हाय केलं," गुणाबाई म्हणाली.

"मंग तीन दिस सोड आनि ये. काय हाय त्या तीन दिसांत? सोनं वाटतात?"

"लावनी हाय."

"काय?"

"भाताची लावनी."

आक्का हसली. "गोडाऊनची मालकीन परमुलखात जाऊन मजुरी करनार! ऐका!"

रुचिकाही हसली, मग सासूचा चेहरा बघून थांबली. मी म्हटलं, "गुणाबाई, चूक माझी. आपण तीन दिवस काढून टाकू. बाकी सगळं तुझ्या मनासारखं आहेच."

ती उठून मागच्या दारी गेली. मी मागोमाग गेले. मागं गोडाऊनची भिंत आहे, घराला अगदी लागून. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"बाई, मी किती मागितले?"

"चार आठवडे. अठ्ठावीस."

"म्हंजे हे तीन नव्हतेच."

"नव्हते. माझ्या लिहिण्यात आले."

"मंग ते गेले तर माझं काय गेलं?"

"काहीच नाही गेलं."

"मंग असं का होतंय?" तिनं छातीवर हात ठेवला. "सांगा ना. तुमी शिकलेल्या."

 देवाचं काही म्हणावं असं मनात आलं, पण कुठल्या बाजूनं म्हणायचं? ओटी देवीची, आणि चिखल कुणाचा? मी नुसतीच तिच्या शेजारी उभी राहिले. पलीकडे कंटेनर मागं घेताना वाजतो तसा आवाज येत होता.

"ओटीत तांदूळ घालते ना मी," ती म्हणाली, "पयला आपल्या शेतातला आसायचा. चौदा वर्स दुकानातला घालते. देवी काय बोलली न्हाय. मीच आपली दरवर्सी मनात बोलते, बये, येवढं चालवून घे."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, आता ती तीन दिवस सोडते म्हणणार. मी तयारीसुद्धा केली, भाविकला काय सांगायचं त्याची.

ती हॉलमधून सरळ देवघरात गेली आणि सूप घेऊन आली. वेताचं जुनं सूप, कडा लाल कापडानं शिवलेल्या. रुचिकापुढं धरलं.

"घे."

रुचिकाला कळेना. "साफ करायचंय का आई?"

"घे बोलते ना. पुनवेला तू भर ओटी."

 मला त्याचा अर्थ उशिरा कळला, काळूरामनं सांगितल्यावर. सासू जिवंत असताना तिनं मान सुनेला दिला की सासूचा हात पुन्हा त्या सुपाला लागत नाही. देवीचं काही देऊन परत घ्यायचं नसतं. मान घरात राहणार, आक्काकडे जाणार नाही. पण गुणाबाईकडेही राहणार नाही. एका वर्षापुरतं असं काही नव्हतं.

काळूराम म्हणाला, "इचार कर. मंग रडशील."

"रडेन."

रुचिका हात मागं घेऊन उभी होती. ती दुसऱ्या एका गोडाऊनच्या ऑफिसात संगणकावर काम करते. "आई, त्या दिवशी माझी ड्युटी हाय. गुरुवार हाय."

"शिफ्ट बदलून घे."

"नऊ दिवस अनवाणी राहायचं असतं ना? ऑफिसात कशी जाऊ?"

"मी शेतात जायची, तू ऑफिसात जा. फरशी हाय तुमची, काटे तर न्हायेत."

आक्का पुढं आली. "हिला नऊवारी नेसता येत न्हाय. पँट घालून ओटी भरनार ही?"

रुचिकाला राग आला. तोवर ती नको नकोच म्हणत होती. आक्काचं ऐकून तिनं दोन्ही हातांनी सूप घेतलं. "येत न्हाय तर शिकेन. आईच शिकवतील की. अजून होळी व्हायचीय." मग सासूकडे वळून हळूच, "आई, बालीवरून आल्यावर परत मागाल. मला माहीताय तुम्हाला."

"न्हाय मागनार."

"मागितलं तर?"

"तर देऊ नको."

आक्कानं शेवटचं विचारलं, आणि तिच्या आवाजात टोमणा कमी आणि खरा प्रश्न जास्त होता. "देवीला काय सांगशील गं गुने? तुझ्या ओटीपरीस मना चिखल ग्वाड लागला, असं?"

गुणाबाई म्हणाली, "तिला सांगायला कशाला पायजे. तेवीस वर्स तिनंच उभी केलेली मना चिखलात."

 मी आजपर्यंत देवाधर्माचं करत आले, सोमवार सोडला नाही, पण या बोलण्यात चूक आहे का बरोबर, हे मला त्या दिवशी समजलं नाही आणि आज लिहितानाही समजलेलं नाही. मी आपला मनात नमस्कार केला. सुपाला की गुणाबाईला, ते देवीनं ठरवावं.

माझा फोन वाजला. भाविक. "मॅडम, काय करू? एकतीसच्या दोन सीटा सोडू का?"

मी गुणाबाईकडे बघितलं. ती मान हलवून हो म्हणाली.

"सोडून दे. तीन तारीखच राहू दे."

"नक्की ना? नंतर कन्फ्यूजन नको."

"नक्की," मी म्हटलं, जणू माझ्या डोक्यात सगळं लख्ख होतं.

तिकडे काळूराम बायकोला विचारत होता. "पुढल्या वर्सी पुनवेला तू काय करशील मंग?"

"जाईन की देवळात. बाकीच्या बायका येतात तशी."

"कुठं उभी ऱ्हाशील?"

 तिच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी त्या सबंध तीन महिन्यांत, हनोई आणि होई आनच्या वेळीही, बघितला नव्हता. तिनं आक्काकडे बघितलं.

"आक्का, बाकीच्या बायका कुठं उभ्या ऱ्हातात गं? मी पस्तीस वर्स पुढं चालली, मागं कंदी बगितलंच न्हाय."

 आक्कानं पहिल्यांदा काठी जमिनीला टेकली आणि ती सोफ्याच्या कडेला बसली.

"खांबाच्या डाव्या अंगाला ये," ती म्हणाली. "मी तिथंच आसते. ऊन येत न्हाय, आनि देवीचं तोंड नीट दिसतं."